वळवाचा पाऊस आणि आपले उन्हाळी शिबिर
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



उन्हाळी शिबिराविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

मे महिना म्हणजे कडक ऊन व कोरडे मैदान, या हिशेबावर आजवर आपण शिबिराची आखणी करीत आलो. तो हिशेब आता भरवशाचा राहिलेला नाही. एरवी ११ जूनच्या सुमारास मुंबईस पोहोचणारा मोसमी पाऊस सन २०२५ मध्ये २६ मे रोजीच आला. त्या मे महिन्यात कुलाब्यास २९५ मिलिमीटर पावसाची नोंद होऊन १९१८ सालचा उच्चांक मोडला. अशा वेळी मुलांना सरळ घरी धाडावे, असे काही मंडळींचे मत आहे. आम्हांस ते मान्य नाही. जागा सुरक्षित असेल तर कार्यक्रम बदलावा, शिबिर मोडू नये. मात्र विचाराचा क्रम चुकता कामा नये.

पहिला विचार निजण्याच्या जागेचा. ४ जुलै २०२५ च्या पहाटे अमेरिकेतील टेक्सास राज्यात ग्वाडालूप नदीस अकस्मात महापूर आला आणि काठावरील मुलींच्या शिबिरातील २७ मुली व मार्गदर्शिका प्राणास मुकल्या. आपली शिबिराची जागाही नदीलगत आहे. ती विनामूल्य मिळते हे खरे. तथापि पुढील वर्षी मुलांचा मुक्काम उंचावरील एखाद्या शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवावा, अशी आमची मंडळास आग्रहाची विनंती आहे. भाड्याची रक्कम आपण वर्गणीने उभी करू. हवामान खात्याचा इशारा सकाळ-सायंकाळ फळ्यावर लिहावा आणि रात्री स्वयंसेवकांनी आळीपाळीने जागावे.

दुसरा विचार आरोग्याचा. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी निर्मळ दिसले तरी उकळल्यावाचून मुलांस देऊ नये. साचलेल्या पाण्यात उंदरांचे व गुरांचे मूत्र मिसळते आणि लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. म्हणून अशा पाण्यात मुलांना उतरू देऊ नये व चिखलात अनवाणी खेळवू नये. बिळांत पाणी शिरले की साप-विंचू कोरडी जागा शोधतात. यास्तव अंथरुणे झाडून घालावीत. गडगडाट कानी येताच मुलांना पक्क्या इमारतीत घ्यावे, झाडाखाली उभे करू नये. आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर सोडू नये.

एवढी व्यवस्था लागली म्हणजे मग शिक्षणाचा विचार करावा. सूर्यनमस्कार ओसरीवर होतील. खो-खोच्या तासाला दोरखंडाच्या गाठी व प्रथमोपचार शिकविता येतील. सरळ कडांचे भांडे उघड्यावर ठेवून मुलांनी पाऊस मोजावा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. त्याच हिशेबाने १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १०,००० लिटर! हे त्रैराशिक मुलांनी स्वहस्ते सोडविले, म्हणजे ओढा तासाभरात का फुगतो हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

बंधुभगिनींनो, आईबाप आपले मूल आठ दिवस आपल्या स्वाधीन करतात, ही मोठी ठेव आहे. ती सुखरूप परत करणे हे आपले पहिले कर्तव्य होय. मुक्कामाच्या जागेचा ठराव आपण आजच एकमताने संमत करावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.