चूक पानाची समजा



मलकापूरला गाडीतून उतरून राजूर घाट चढताना ठरवलं, आज कर्तबगारी सांगायची नाही. एक चूक सांगायची, आणि तीही स्वतःची.

माझ्या भाच्याने चिखलीहून फोन केला. त्याला पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची होती. मी ठाण्याहून ऐटीत म्हटलं, "अरे, फुकट आहे. डाउनलोड कर, इन्स्टॉल कर, झालं!" दोन दिवसांनी तो म्हणाला, "आत्या, मले नाही जमत हे. आपलं डोकंच नाही त्यातलं."

मी स्क्रीनचा फोटो मागवला. पायथॉन नीट इन्स्टॉल झाली होती. फक्त विंडोजला ती सापडत नव्हती. विंडोजकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला 'पाथ' म्हणतात. कमांड लिहिली की त्या यादीतल्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधला जातो. पायथॉनच्या पारंपरिक इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच पानावर, अगदी खाली, 'अ‍ॅड पायथॉन डॉट ईएक्सई टू पाथ' अशी छोटी चौकट असते. तिच्यात आधीपासून टिक नसते. वर 'इन्स्टॉल नाऊ' ठळक दिसतं. नवखा माणूस तेच दाबणार! घर बांधलं, पण पोस्टमनला पत्ता दिलाच नाही, तशातली गत.

चौकट रिकामी ठेवण्याला कारण आहे. ज्यांच्या संगणकावर आधीच दोन-तीन आवृत्त्या असतात, त्यांची घडी विस्कटू नये. पण ही झाली जाणकाराची सोय. माझा हात तिथे सवयीने टिक करतो, म्हणून ती चौकट मला दिसतच नाही. भाच्याला सांगायची राहिली ती त्यामुळेच.

आम्ही इंजिनिअर मंडळींनी इन्स्टॉलरमध्ये तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगायला हव्यात : काय ठेवलं, कुठे ठेवलं आणि आता पहिली ओळ कुठे लिहायची. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी थॉनी नावाचं मोफत सॉफ्टवेअर तयार झालं. त्यात पायथॉन आतच येते, पाथची भानगड नाही. उघडा, ओळ लिहा, हिरवं बटण दाबा.

भाच्याने टिक करून पुन्हा इन्स्टॉल केलं आणि स्क्रीनवर स्वतःचं नाव उमटवलं. पण फोन करायला आत्या नाही अशी मुलं किती असतील? पहिल्याच पायरीवर अडून ती स्वतःला 'ढ' ठरवतात.

आपल्या सरांनी प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी प्रयोग दिला नव्हता; परीक्षानळी कशी धरायची तेवढंच शिकवलं होतं. त्याच रीतीने मी शाळेच्या संगणक कक्षासाठी मराठीत, चित्रांसह, एक पान लिहून आणलं आहे. बाई, ते आठवीच्या मुलांपुढे ठेवा आणि मूल जिथे अडेल तिथे खूण करा. चूक मुलाची नाही, पानाची समजा. मी ते पुन्हा लिहीन.