वाट चालली, ती लिहून ठेवा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त शिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



मागल्या वर्षी याच कार्यक्रमानंतर आपल्या वाडीतला, मुंबईला नोकरीला असलेला एक तरुण माझ्याकडे आला. त्याने मोबाईलवर मला एक चित्रफीत दाखवली. कोणीतरी मोटारसायकलवरून भारतातून निघून देशामागून देश ओलांडत लंडनला पोहोचला होता. तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, एवढा लांबचा प्रवास आपल्यातल्या कोणी केलाय का हो?" मी त्याला म्हटलं, "बाळा, याचं उत्तर एका वाक्यात नाही. पुढल्या वर्धापनदिनी सांगतो." ते आज सांगायला उभा आहे.

जमिनीवरून खंड ओलांडण्याची हौस नवी नाही. १९५७ साली लंडनहून एक बस निघाली आणि युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान पार करून कलकत्त्याला आली. नंतर कितीतरी परदेशी तरुण त्या वाटेने येत राहिले. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या आणि ती वाट बहुतेक बंद पडली. बसेस आल्या नि गेल्या. पण त्यांच्या तेराशे वर्षं आधी त्याच अफगाणिस्तानातून एक माणूस आपल्या देशात आला होता, आणि त्याचे उपकार आपल्यावर आजही आहेत. तो म्हणजे चिनी भिक्खू युआन श्वांग. आमच्या वेळच्या शाळेच्या पुस्तकात त्याला ह्यु-एन-त्संग म्हणत.

साधारण इ. स. ६२९ साली तो चीनच्या राजधानीतून निघाला. कशासाठी? चीनमध्ये जे धम्मग्रंथ होते त्यांत एकाचा दुसऱ्याशी मेळ लागत नव्हता. जिथे तथागत होऊन गेले तिथे जाऊन मूळ ग्रंथ शिकावेत, एवढाच त्याचा हेतू. देशाबाहेर जायला राजाची बंदी होती, म्हणून त्याने रात्रीच्या अंधारात सरहद्द ओलांडली. जवळ एक म्हातारा घोडा. पुढे गोबीचं वाळवंट. तिथे त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सगळं पाणी वाळूत गेलं. तो पाणी आणायला मागे वळला. थोडं चालून गेल्यावर त्याला आपला निश्चय आठवला, की हिंदुस्थानात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे एक पाऊल टाकणार नाही. तो पुन्हा पश्चिमेला वळला. चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्यानेच पाणी शोधून काढलं, कारण ती वाट तो घोडा अनेकदा चालून गेला होता.

पुढे तुर्फानच्या राजाने त्याला आपल्याकडेच ठेवून घ्यायचा हट्ट धरला, तेव्हा त्याने अन्नपाणी सोडलं. राजा नमला. बर्फाच्या डोंगरात त्याच्या सोबतीची कितीतरी माणसं गारठून मेली. समरकंद, बाल्ख, बामियान अशा मुक्कामांनी तो भारतात पोहोचला. बामियानच्या डोंगरातल्या ज्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती त्याने पाहून लिहून ठेवल्या, त्या २००१ साली तालिबानने सुरुंग लावून फोडल्या. मूर्ती गेल्या, त्याचं लिहिलेलं राहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे मला याच्याशीच काम आहे.

नालंदेत आचार्य शीलभद्रांच्या हाताखाली तो कित्येक वर्षं शिकला. मग दक्षिणेत उतरला आणि साधारण ६४१ साली आपल्या महाराष्ट्रात आला. त्या वेळी इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथल्या लोकांबद्दल तो काय सांगतो? माणसं उंच, साधी, सरळ आणि मानी. उपकार केला तर विसरत नाहीत, अपमान केला तर तोही विसरत नाहीत. महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि पाच हजारांच्या आसपास भिक्खू होते, हेही त्यानेच नोंदवलं आहे. विचार करा मंडळी! या मातीत धम्म किती रुजला होता, याचा साक्षीदार एक परदेशी वाटसरू आहे.

६४५ साली तो चीनला परत गेला. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून नेले. वाटेत सिंधू नदीत नाव हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या पाण्यात गेल्या. तो रडत बसला नाही. माणसं पाठवून त्यांच्या नकला मिळवायच्या मागे लागला. सम्राटाने सरकारी पद देऊ केलं, तेही त्याने नाकारलं आणि ६६४ साली मरेपर्यंत, एकोणीस वर्षं, भाषांतराला वाहून घेतलं. शिवाय पाहिलेल्या देशांचं वर्णन लिहून ठेवलं.

आता त्याचे उपकार कसे, ते सांगतो. बाराशे वर्षांनी या देशात धम्माची ठिकाणं मातीखाली गेली होती. नालंदा कुठे, श्रावस्ती कुठे, कुशीनगर कुठे, हे कोणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. १८६१ साली कनिंगहॅम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने पुराणवस्तूंचं सरकारी काम हाती घेतलं, तेव्हा त्याच्या हातात या भिक्खूचं पुस्तक होतं. अमक्या गावाहून अमक्या दिशेला इतकं चाललं की स्तूप लागतो, असं त्यात लिहिलेलं. त्या खुणेने ही ठिकाणं ओळखली गेली. आज आपण ट्रॅव्हल्सची गाडी करून कुशीनगर, श्रावस्तीला जातो, ते एका चालणाऱ्या माणसाने वही ठेवली म्हणून!

आता आपल्या दाराशी या. महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना एसटीतून दिसतात. तिथे ब्राह्मी लिपीत कोरलेलं आहे, की काणभोज राजकुमार विष्णुपालित याने हे लेणं दान दिलं. शेकडो वर्षं पाऊस कोसळतो आहे, पण ते नाव टिकलं, कारण ते कोरलं होतं. मात्र ज्यांनी तो खडक फोडला, छिन्नी चालवली, त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आणि आता १९२७. मार्चच्या १९ आणि २० तारखेला महाडला परिषद भरली आणि परमपूज्य बाबासाहेबांनी हजारोंच्या समवेत चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, हे इथलं लहान पोरही सांगेल. त्या परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये देऊन विकत घ्यावं लागलं होतं. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसं आली होती. कोणी शंभर मैलांवरून, खांद्याला भाकरीचं गाठोडं अडकवून. डिसेंबरच्या परिषदेला बाबासाहेब पद्मावती बोटीने मुंबईहून निघाले, दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल लोकांबरोबर चालत महाडला आले.

त्या मार्चात माझा आजाही होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या आमच्या वाडीतून सात जण निघाले. अनवाणी. बरोबर नाचणीची भाकरी आणि सुकट. रात्री निघून सावित्रीच्या काठाकाठाने महाडला. परतताना आज्याच्या कपाळाला खोक होती. आजी सांगायची, "जखम भरली तरी तो पुसू देत नव्हता, म्हणायचा राहू दे, तळ्याची खूण आहे." युआन श्वांगची वाट हजारो मैलांची आणि यांची दहा-बारा मैलांची. पण माणसाला पाणी नाकारलेल्या गावात पाणी प्यायला जायचं, तेव्हा ते दहा मैल कोणत्या वाळवंटापेक्षा कमी?

बंधू-भगिनींनो, माझी चूक इथे सर्वांसमोर सांगतो. त्या सातांपैकी मला तिघांची नावं ठाऊक आहेत. चौघांची नाहीत. आजा होता तोवर मी विचारलं नाही. मी मास्तर झालो, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची हजेरी मांडली, पण आज्याबरोबर गेलेल्या माणसांची हजेरी मांडली नाही.

त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर हेच. बाळा, आपल्या माणसांनी मोठे प्रवास केले. कोणी तळ्यापर्यंत चालले, कोणी बोटीने मुंबईच्या गिरणीत गेले, कोणी आखाती देशात राबले. फक्त कोणी लिहून ठेवलं नाही. तू लंडनला जरूर जा. आमचा आशीर्वाद आहे. पण वही घेऊन जा, आणि निघण्याआधी आपल्या आजीजवळ तासभर बस.

मी विहार समितीला विनंती करतो, की येत्या पौर्णिमेपासून इथे एक जाड वही ठेवावी. प्रत्येक घराने आपल्या माणसांच्या वाटा त्यात लिहाव्यात. कोण निघालं, कोणत्या साली, कोणत्या वाटेने, शिदोरी काय होती, वाटेत कोणी पाणी दिलं, कोणी नाही दिलं. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावं, शाळेतल्या पोरींनी लिहून घ्यावं. ठाऊक नसेल तिथे जागा कोरी सोडा, मनचं घालू नका. आणि त्या वहीची एक प्रत मुंबईकरांकडे राहू द्या. २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं, तेव्हा कितीजणांचे जुने कागद नि फोटो चिखलात गेले, ते तुम्ही पाहिलंच आहे. सिंधूत पोथ्या बुडाल्या तेव्हा दुसरीकडे नकला मिळत होत्या. आपल्याकडे नकलाच नाहीत.

पहिलं पान मी लिहीन. त्यावर तीन नावं असतील आणि चार ओळी कोऱ्या असतील. तुमच्यापैकी कोणाचा आजा, पणजा त्या रात्री आमच्या वाडीतून निघाला असेल, तर या आणि ती ओळ भरा.