थरांची वडी



ज्या पदार्थाविषयी आज आपणांशी बोलण्याचे मी योजिले आहे, तो, म्हणजे चॉकलेट व शेंगदाण्याची ही थरांची वडी, आपल्या परंपरागत पाकशास्त्रातील नव्हे. कोको आणि भुईमूग या दोन्ही वनस्पती मूळच्या दक्षिण अमेरिकेतील. परंतु पहिली स्पॅनिश लोकांच्या हातून युरोपात गेली, दुसरी पोर्तुगीज दर्यावर्दींबरोबर आफ्रिका व आशिया खंडांत पसरली, आणि १९२८ साली पेनसिल्व्हेनिया संस्थानातील हर्शी या गावी एच. बी. रीस या गृहस्थांनी चॉकलेटच्या लहानशा वाटीत पीनट बटर भरून विकावयास आरंभ केला, तेव्हापासून अमेरिकेतील घराघरांत या जोडीला मानाचे स्थान लाभले. आपल्याकडे तर साबुदाण्याच्या खिचडीपासून चिक्कीपर्यंत शेंगदाण्यावर हात इतका बसलेला आहे की, हा परकीय पदार्थ घरी सिद्ध करण्यास कोणीही कचरू नये.

तळाच्या थरासाठी गव्हाच्या बिस्किटांचा २०० ग्रॅम बारीक भुगा १०० ग्रॅम वितळलेल्या लोण्यात कालवून, आठ इंची चौकोनी भांड्यात वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवावा आणि भांडे शीतकपाटात ठेवावे.

मधल्या थराकडे मात्र सावकाश वळावे, कारण पदार्थाची खरी चव तेथेच ठरते. ३०० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर, साले तडकून खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत, चोळून पाखडावेत आणि कोमट असतानाच मिक्सरमध्ये घालावेत. प्रथम आपल्या परिचयाचा कूट होतो. मग तो कडांना चिकटू लागतो. मग त्याचा जड गोळा होऊन पाते अडखळते, आणि नेमक्या याच वेळी पाणी घालण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचाच असल्यामुळे, यंत्राला मधून मधून विसावा देत, कडा खरवडून पुन्हा फिरवीत राहिले असता, तो गोळा आपोआप सैल होतो आणि चमच्यावरून तुकतुकीत धारेने ओघळू लागतो. त्यात १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम मऊ लोणी व चिमूटभर मीठ फेसून, थंड झालेल्या बिस्किटाच्या थरावर सपाट पसरावे.

आता भांडे पुन्हा शीतकपाटात ठेवून अर्धा-पाऊण तास थांबावे. ही मुदत कोणत्याही सबबीवर कमी करू नये, कारण या पदार्थाचे सारे मर्म थरांनी आपापली मर्यादा राखण्यात आहे. शेंगदाण्याचे तेल साध्या उष्णमानातही द्रवरूप राहते. मधला थर मऊ असताना वर ऊन चॉकलेट ओतले, तर ते तेल चॉकलेटात शिरून त्याचा घट्टपणा नष्ट करते, आणि दोन भिन्न स्वादांच्या जागी एकच तपकिरी लगदा हाती येतो.

दरम्यान १५० ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरून, कडांना बुडबुडे येईपर्यंत तापविलेली १०० मिलिलिटर साय त्यावर ओतावी, दोन मिनिटे स्वस्थ बसू द्यावे आणि मग मध्यापासून हळूहळू ढवळावे. नुसते चॉकलेट वितळविताना वाफेचा एखादा थेंब पडला, तरी त्यातील साखर व कोकोचे कण त्या ओलाव्याभोवती गोळा होऊन ते रवाळ व ताठर होते. सायीतील ओलावा विपुल असल्याने येथे ते भय उरत नाही. मिश्रण बोटाला कोमट लागले म्हणजे मधल्या थरावर ओतून, भांडे दोन तास पुन्हा थंड करावे.

वड्या पाडताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापानंतर पुन्हा स्वच्छ करावी. शेंगदाणा काहींना मुळीच सोसत नाही, क्वचित प्राणावरही बेतते. सबब पाहुण्यांपुढे ताटली ठेवण्यापूर्वी विचारपूस अवश्य करावी. वड्या खाण्यापूर्वी दहा मिनिटे बाहेर काढाव्यात. कोकोतील स्निग्धांश सुमारे ३४ अंशांवर, म्हणजे आपल्या देहाच्या उष्णतेहून किंचित कमी उष्णमानावर, वितळतो, आणि अतिशीत वडीत चॉकलेटचा स्वाद दबून राहतो. बिस्किटाचा कुरकुरीतपणा, दाण्याचा खारट-गोड खमंगपणा आणि चॉकलेटचा कडवटपणा हे तिन्ही एकाच घासात वेगवेगळे ओळखू आले, म्हणजे दिलेला सारा वेळ सत्कारणी लागला असे निःशंकपणे समजावे.