सहा विषयांतला एक

वसईत रात्री साडेसात-आठच्या सुमारास दाराची कडी वाजली, की समजावे, आलेला माणूस विरार लोकलमधून उतरून घरी न जाता थेट आपल्याकडे आला आहे. म्हणजे काम महत्त्वाचे. त्या रात्री शेजारच्या वहिनी आल्या, सोबत त्यांची मुलगी. मुलीच्या हातात शाळेचा फॉर्म. वहिनी म्हणाल्या, "भाई, हिला तुम्हीच समजवा. तुमचं ऐकेल. मराठी घ्यायची म्हणते."

मी मराठीत कविता लिहिणारा माणूस. मराठी घेऊ नकोस, हे समजावायला वहिनींनी मलाच निवडले याची मला गंमत वाटली. पण त्यांच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

मुलगी हुशार. दहावीनंतर तिला मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत प्रवेश मिळाला. निम्मी फी शाळेने माफ केली. उरलेल्या निम्मीसाठी तिच्या वडिलांनी केळीच्या वाडीचा एक तुकडा विकला. वसईच्या माणसाला वाडी विकणे म्हणजे काय, हे वसईच्या माणसालाच विचारावे. म्हणून त्या घरात आता एकेक गुण मोलाचा होता.

ही परीक्षा काय आहे, ते आधी सांगतो. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, ही संस्था १९६८ साली जिनिव्हात स्थापन झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्यांच्या मुलांना कुठेही चालेल असे शाळेचे शेवटचे प्रमाणपत्र हवे, ही मूळ गरज. आपल्याकडे मुळशी तालुक्यात १९९७ साली सुरू झालेल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात हाच अभ्यासक्रम आहे. दोन वर्षे, सहा विषय, प्रत्येकाला सात गुण, म्हणजे बेचाळीस. शिवाय चार हजार शब्दांचा एक निबंध, आणि 'आपल्याला जे कळते ते कसे कळते' याचा विचार करायला लावणारा एक विषय. या दोहोंचे मिळून जास्तीत जास्त तीन. एकूण पंचेचाळीस. खेळ, कला आणि समाजसेवा केल्याशिवाय पदविका नाही, पण त्यांना गुण नाहीत. पदविकेला किमान चोवीस गुण लागतात. भारतीय विद्यापीठ संघ तिला बारावीच्या बरोबरीची मानतो.

सहा विषयांत भाषेच्या दोन जागा आहेत. एक जागा साहित्याची: ज्या भाषेत मुलाला खोलवर वाचता-लिहिता येते ती. दुसरी जागा नव्याने शिकायच्या भाषेची. पण दुसऱ्या जागीही कुणी साहित्याचीच भाषा घेतली आणि दोन्हींत तीन किंवा अधिक गुण मिळवले, तर त्याला द्वैभाषिक पदविका मिळते. आणखी एक सोय आहे. शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसेल, तरी विद्यार्थी शाळेच्या देखरेखीखाली स्वतः वाचून आपल्या भाषेचे साहित्य हा विषय घेऊ शकतो. नऊ साहित्यकृती वाचायच्या. त्यांतल्या किमान तीन भाषांतरित. परीक्षेत न वाचलेल्या उताऱ्याचे रसग्रहण, दोन कृतींची तुलना आणि तोंडी परीक्षा. भाषा ठरलेल्या यादीत नसेल, तर शाळेला वेळेत खास विनंती पाठवावी लागते.

मुलीने नियमांच्या पुस्तकातली ही ओळ शोधून काढली होती.

वहिनींचे म्हणणे चुकीचे नव्हते. फ्रेंचला शिक्षिका आहेत, पुस्तके आहेत, जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. मराठीला काय आहे? एक गुण कमी पडला आणि प्रवेश हुकला, तर वाडी परत येणार आहे का? मी गप्प बसलो. मला मुंबई विद्यापीठ आठवले.

त्या विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. तीही त्या काळची आंतरराष्ट्रीय परीक्षाच, लंडनच्या धर्तीवर बेतलेली. पुढे काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून टाकल्या गेल्या. कारणे ओळखीची आहेत: पुस्तके नाहीत, दर्जा नाही. त्या परत याव्यात म्हणून रानडे वर्षानुवर्षे झगडले. एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली ती १९०१ साली, त्याच वर्षी ते गेले. इंग्रजी उत्तम जाणणारा माणूस मराठीसाठी भांडत होता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. पण कायदा दहावीच्या दारात थांबतो. पुढची दोन वर्षे मुलाची आणि आईबापांची.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी दहावीचा फॉर्म भरला तेव्हा एका कारकुनाने माझे नाव वाचले आणि मातृभाषेच्या रकान्यात न विचारता 'उर्दू' लिहिले. मी म्हटले, साहेब, मराठी. त्यांनी मान वर करून पाहिले, पण खोडले नाही. उर्दूवर माझे प्रेम आहे. पण माझी आजी रागावायची ती कोकणी मुसलमानांच्या बोलीत, आणि मी पहिली कविता लिहिली ती मराठीत. आपली भाषा कुठली, हे दुसऱ्याने लिहून टाकले की काय वाटते, ते मला ठाऊक आहे. आणि वसईत तर या प्रश्नाचे उत्तर कुणाच्या नावावरून द्यायला जाऊच नये. फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. कॅथलिक धर्मगुरू, २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

पण अभिमानाने पेपर सोडवता येत नाही. म्हणून मी त्या मुलीला म्हटले, "बाळ, आधी तुझं मराठी बघू." पहिल्या रविवारी तिने सुकेळीवर एक पान लिहून आणले. सगळी वाक्ये मनात इंग्रजीत जुळवून मग मराठीत उतरवलेली. मी तसे सांगितले. तिचे डोळे भरले. "चाचा, म्हणजे मला मराठी येत नाही?" मी म्हटले, "बोलता येतं. लिहायला शिकावं लागेल, फ्रेंचइतकीच मेहनत करून." आपली भाषा फुकट येते, हा आपला मोठा गैरसमज आहे. आईच्या मांडीवर बोलणे येते. विचार करून लिहिणे कुठल्याही भाषेत कमवावेच लागते.

ती दर रविवारी येत राहिली. सातव्या रविवारी तिने आजीबद्दल लिहिले: केळी सोलणारे आजीचे हात, आणि विकलेल्या तुकड्याकडे पाहायचे टाळून लांबच्या वाटेने घरी येणारे वडील. ते पान वहिनींनी वाचले. पुन्हा वाचले. मग फॉर्म मागितला आणि सही केली. "गुणांचं मग बघू" असे काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "भाई, आता सहा महिने रविवारी कुठे जायचं नाही तुम्ही."

शाळेने विनंती पाठवली आहे. उत्तर यायचे आहे. नकार आला, तर ती इंग्रजी साहित्य आणि फ्रेंच घेईल, तेही ठरले आहे. तिच्या वयाच्या मुलांच्या पालकांना एवढेच सांगतो: जिथे पुढे शिकायचे, तिथे कुठले विषय आणि किती गुण मागतात, ते विषय निवडण्याआधी पाहा. भाषेची विनंती वेळेत करा. आणि मुलाला एक पान मराठीत लिहायला सांगा. ते वाचा, मग ठरवा.

या परीक्षा आता फक्त श्रीमंतांच्या राहणार नाहीत. मुंबई महापालिकेने २०२१ साली आयबी आणि केंब्रिज या दोन्ही मंडळांशी करार केले. पालिकेच्या शाळेतली मुलेही उद्या असेच फॉर्म भरतील. त्यांच्याही हातात सहा विषय असतील. त्यांतला एक आपला असायला या परीक्षेची ना नाही. आपली असू नये.