पोचट बी आधीच काढा



बीटी कापसातली अळी मरते ती एका प्रथिनानं. २००२ साली ते आपल्या रानात आलं; पुढं गुलाबी बोंडअळीनं ते पचवलं. मग प्रथिनच बदललं तर? प्रथिनाची माळ २० जातींच्या मण्यांची. दहाच जागी मणी बदलायचे म्हटले तरी नमुने होतात दहा लाख कोटींवर. तपासणार कोण? भाताचं बी आपण मिठाच्या पाण्यात टाकतो, तरंगणारं पोचट काढतो. संगणक तेच करतो. ज्यानं माळेची घडी मोडेल तो नमुना आधीच बाजूला. निवडक तेवढे प्रयोगशाळेत. या विद्येसाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. पण अळीचा निकाल संगणक देत नाही, रान देतं. म्हणून सरकारला आम्ही सांगतो, चाचणी अडवू नका. आमच्या रानात, आमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या.