मालास वाट, मजुरास पहारा



दोन देशांमधील जकातीची भिंत पाडली म्हणजे उभयतांची भरभराट होते, असे अर्थशास्त्राचे पंडित सांगतात. हे विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु भरभराट कोणत्या मुलखात होते आणि बेकारी कोणत्या, हे ते क्वचितच सांगतात. मेक्सिकोचे उदाहरण घ्या.

ता. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा ‘नाफ्टा’ करार अमलात आला. २०२० साली त्याची जागा नव्या कराराने घेतली. मका हे मेक्सिकोचे मुख्य अन्न. त्यावरील संरक्षण १५ वर्षांत क्रमाक्रमाने उठवावयाचे होते. परंतु ठरल्या मर्यादेबाहेरचा मकाही तेथील सरकारने बहुतांशी विनाजकात आत येऊ दिला. आयोवाच्या शेतकऱ्यापाशी विस्तीर्ण जमीन, यंत्रे व सरकारी अनुदान. चियापास व ओआहाका येथील आदिवासी शेतकऱ्यापाशी पावसावर पिकणारा डोंगरउताराचा तुकडा. ही स्पर्धा बरोबरीची नव्हती. मक्याचा भाव उतरला. नवे कारखाने वाढले ते उत्तर सीमेवर, तिहुआना व सिउदाद हुआरेझ येथे. म्हणजे पोटापाण्याचे साधन बुडाले एका टोकास, काम निघाले दुसऱ्या टोकास. त्यातच डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला आणि मजुरीचे मोल घटले.

साहजिकच माणसे गाव सोडून निघाली. अमेरिकेत राहणारे मेक्सिकोत जन्मलेले लोक १९९० साली सुमारे ४३ लाख होते. २००० साली ते ९० लाखांवर गेले. करारात माल व भांडवल यांना वाट मोकळी होती, सामान्य मजुरास नव्हती. उलट १९९४ सालीच सान डिएगोच्या सीमेवरील पहारा कडक झाला. लोक वाळवंटातून जाऊ लागले आणि कित्येक तेथेच मेले.

याउलट १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात आला, तेव्हा ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनी पोलिश कामगारास काम करण्याचा कायदेशीर हक्क दिला. घर त्यासही सोडावे लागले. परंतु चोरासारखे लपावे लागले नाही.

पोटासाठी परमुलखी जाणे ही लाजेची गोष्ट नव्हे. हक्क गमावून जावे लागणे हा अन्याय होय. तेव्हा व्यापाराचा कोणताही करार होऊ घातला की तीन प्रश्न विचारा: भाव पडल्यास अल्पभूधारकाचे काय? नवे काम कोणत्या मुलखात निघणार? आणि तेथवर जाणाऱ्या मजुराचे हक्क त्याच्याबरोबर जाणार, की सीमेवरच राहणार? या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून भरभराटीच्या आश्वासनावर विसंबू नका.