कंपनीचा कप, पेठेचा संघ

(खोडद येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

पत्रिकेवर विषय छापलाय : ‘राष्ट्रीय फुटबॉल लीग, हंगाम २००५-०६’. काहींना वाटलं असेल, पाहुणे वाट चुकले. इथे लोक दुर्बिणीवर बोलायला येतात. (हशा) पण रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तबकड्या शिवारात उभ्या असताना तुम्हाला आकाशातलं मी काय सांगणार? मी जमिनीवरचं बोलतो.

लीग म्हणजे काय, गुण कसे धरतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. १९९६-९७ ते २००६-०७ असे ११ हंगाम ही लीग चालली. ६ वेळा कोलकात्याचे मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल, ३ वेळा गोवा, १ वेळा पंजाबची जेसीटी जिंकली. उरला एक हंगाम. तो आपला! मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं ईस्ट बंगालला दुसऱ्या क्रमांकावर ढकलून लीग मारली. फेडरेशन कपही त्याच हंगामात. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. संघात मुंबईचा स्टीव्हन डायस, ब्राझीलचा बरेटो. कुणाकुणाला माहीत होतं? हात वर करा. आप्पा, तुमचा हात दिसतोय, की पाणी मागताय? (हशा)

तुमचा दोष नाही. माझं म्हणणंच ते आहे : तो संघ कंपनीचा होता, कुठल्या गावाचा नव्हता.

आता कोल्हापूर बघा. तिथल्या शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ हे पेठांचे फुटबॉल संघ समोरासमोर आले, की पेठेत दुसरा विषय नसतो. एकदा मी सहज जाऊन बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कुठल्या पेठेचा?” म्हटलं, जुन्नरचा. “ते असू दे. आज कुणाकडनं?” म्हटलं, मी नुसता खेळ बघायला आलोय. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की वऱ्हाडात घुसलेला उपरा मीच! मग शेंगांचा पुडा पुढे केला आणि म्हणाला, “मग आमच्याकडनं बस.” पुढचा तासभर मी ओरडत होतो, का, ते विचारू नका. त्या संघांनी राष्ट्रीय लीग कधी जिंकली नाही, पण त्यांच्या गोलकीपरचं घर पोरासोरांना ठाऊक असतं. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.

मागून कुणीतरी म्हणालं, “कंपनीनं पगार तरी दिला.” दिला, साहेब, मान्य! कंपन्यांनी पोसलं नसतं तर मुंबईच्या कित्येक पोरांना बूटही मिळाले नसते. मी कंपनीच्या विरोधात नाही, उगीच तसं छापू नका. पण पगार देणाऱ्यानं हिशेब मिटवला, की संघ मिटतो. २०१०मध्ये महिंद्रा युनायटेडचा संघ बंद झाला. पाटाकडील बंद करू, असं मंगळवार पेठेत म्हणून बघा!

तेव्हा विनंती एकच. इथली पोरं संध्याकाळी चेंडू खेळतात. त्यांचा संघ काढा, वर्गणी गावातून जमवा, शर्टावर प्रायोजकाच्या वर खोडदचं नाव घाला. आणि आता निघा. बिबट्याचे दिवस आहेत. उसाच्या कडेनं कुणी एकट्यानं जाऊ नका.